लेसरला भिंतीपलीकडचं दिसत नाही

‘लेसर स्कॅनर आणि इन्फ्रारेड कॅमेरा एकत्र लावला की भिंतीआडचं सगळं दिसतं,’ हे इतक्या वेळा कानावर येतं की आता चीड येते. नाही दिसत! लेसरचा किरण भिंतीवर आदळून परत फिरतो. त्यातून हाती येतो पृष्ठभागाचा बारकाव्यांसह नकाशा. इन्फ्रारेड कॅमेराही त्याच पृष्ठभागातून बाहेर पडणारी उष्णता टिपतो. आत दोघंही शिरत नाहीत.

मग आतल्या गोष्टीचा सुगावा लागतो कसा? ती बाहेर उमटते म्हणून. गिलावा विटेपासून सुटला असेल, तर उन्हात तेवढाच भाग लवकर तापतो; मधली हवा उष्णता पुढे जाऊ देत नाही. ऊन उतरलं की तोच भाग आधी निवतो. लेसरच्या नकाशावर हे तापमान चढवलं, की डाग नेमका कुठे आहे आणि तिथे भेग किंवा फुगवटा आहे का, हे कळतं. पण डाग दिसला म्हणजे पोकळी सापडली असं नव्हे. ओल असली किंवा दगड वेगळा असला, तरी तसाच डाग पडतो.

इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या थडग्याचंच घ्या. ‘फॅक्टम आर्ते’ या संस्थेने केलेल्या भिंतींच्या स्कॅनमध्ये पुरातत्त्वज्ञ निकोलस रीव्ह्ज यांना रंगाखाली बुजवलेल्या दारांसारख्या रेषा दिसल्या. पलीकडे राणी नेफर्टिटीचं दफन असावं, असं त्यांनी 2015 मध्ये मांडलं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात इन्फ्रारेड तपासणीत उत्तरेच्या भिंतीवर तापमानाचा फरक आढळला. दोन्ही खुणा जुळल्या, जगभर मथळे झाले. मग भिंतीच्या आत लहरी सोडणारं रडार आलं. पहिल्या तपासणीनंतर मोठ्या खात्रीने बोललं गेलं; दुसरीत ते टिकलं नाही. अखेर 2018 मध्ये इटलीतल्या तोरिनोच्या पॉलिटेक्निकमधल्या फ्रँको पोर्चेल्ली यांच्या पथकाने तिसऱ्यांदा रडार फिरवून सांगितलं: या भिंतींना लागून खोल्या नाहीत. फॉरवर्ड केलेले संदेश मात्र अजून 2015चेच फिरतात.

जाड दगडातूनही खरोखर आरपार जातात ते वैश्विक किरणांतून तयार होणारे म्यूऑन कण. इजिप्तमधल्याच खुफू राजाच्या पिरॅमिडमधली किमान 30 मीटर लांबीची पोकळी 2017 मध्ये उघड झाली, ती त्यांच्यामुळे.

लेसरचं तसं नाही. ग्वाटेमालाच्या जंगलातली प्राचीन माया संस्कृतीची वस्ती विमानातल्या लेसरने शोधली, पण पानं भेदून नव्हे. पानांमधल्या फटींतून जमिनीपर्यंत पोचलेल्या थोड्या किरणांवरून. साध्या खिडकीच्या काचेपलीकडचा माणूसही थर्मल कॅमेऱ्याला दिसत नाही. आणि खोल पुरलेलं सोनं भोवतालच्या मातीइतकंच गार असतं. गुप्तधन शोधायला म्हणून कुणी असा कॅमेरा विकत असेल, तर त्याला एक पैसाही देऊ नका.