दोन आजोबांची कविता

क्यूबात गुलामगिरी १८८६ मध्ये कायद्याने संपली. तरीही त्या देशाची शिष्ट संस्कृती पुढे दीर्घकाळ गोऱ्यांचीच मानली गेली. निकोलास गियेन (१९०२–१९८९) ह्या मिश्रवंशीय कवीने हा समज प्रथम लयीतूनच मोडला. स्पॅनिश तंतुवाद्ये व आफ्रिकी ताल ह्यांच्या संगमातून घडलेल्या ‘सोन’ ह्या गीतप्रकाराचा ठेका त्याने १९३० मध्ये काव्यात आणला. १९३४ च्या संग्रहातील एका कवितेत त्याचे गोरे व काळे आजोबा परस्परांस आलिंगन देतात. परंतु गुलामांची जहाजे व चाबूक ह्यांची स्मृती तो पुसत नाही. राष्ट्रीयत्व म्हणजे एका वंशाने दुसऱ्यास दिलेली जागा नव्हे. ते दोघांच्या समान वारशाचे नाव होय. हा आशय लयीतच मुरलेला असल्याने अर्थासोबत ठेकाही शिकविला पाहिजे.