आवाज कुणाचा?

शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉपवरची एक्सेल शीट बंद झाली, की त्याच लॅपटॉपवर गाणं उघडणारी मंडळी आपल्या आजूबाजूला भरपूर आहेत. बेडरूममध्ये माइक, एक छोटा ऑडिओ इंटरफेस, बरे हेडफोन, झाला स्टुडिओ! भावगीत रेकॉर्ड होतं, पेटी-तबला-गिटार जोडले जातात आणि मग लक्षात येतं, की एकटा ऐकताना मस्त वाटलेला आवाज गाण्यात पार बुडालाय. फेडर वर ढकलला तर तो स्टिकर चिकटवल्यासारखा वर तरंगतो, शब्द मात्र तरीही नीट कळत नाहीत. आणि भावगीतात शब्दच कळले नाहीत तर उरलं काय?

इथे कामाला येतो इक्वलायझर, उर्फ ईक्यू. नाव टेलिफोनच्या जमान्यातलं. लांबलचक तारेतून जाताना आवाजातल्या काही फ्रिक्वेन्सी जास्त घटायच्या, त्यांना पुन्हा समान पातळीवर आणायचं हे काम. जुन्या फोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर असतो १०० ते १५० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तो फोनमधून जायचाच नाही! तरी ‘हॅलो’ म्हटल्याबरोबर बाबांचा आवाज ओळखू यायचाच ना? आवाजाची ओळख आणि शब्दांचा स्पष्टपणा बराचसा वरच्या पट्ट्यात असतो, तो असा.

म्हणून सुरुवात खालून करायची. हाय-पास फिल्टर लावून ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं काढून टाका. पंख्याची घरघर, रस्त्यावरचा ट्रक, ‘प’ आणि ‘भ’ची फुंकर, बरंचसं तिथेच गळतं. माइकला अगदी चिकटून गायलं की खालचा भाग फुगतो आणि आवाज रजईतून आल्यासारखा वाटतो. तेव्हा २०० ते ४०० हर्ट्झमध्ये दोन-तीन डेसिबल कमी करून बघा. (खोलीचा घुमारा मात्र ईक्यूने जात नाही. गाणाऱ्याच्या मागे आजीची गोधडी टांगा, प्लग-इनपेक्षा स्वस्त पडते.)

आता खरी भानगड, पेटी. ती गायकाच्या मागोमाग तेच सूर वाजवते, बरेचदा त्याच सप्तकात, आणि तिच्या स्वरपट्ट्या वरच्या फ्रिक्वेन्सींनी भरगच्च असतात. आपला कान सर्वात तिखट असतो तो २ ते ५ किलोहर्ट्झच्या टापूत. व्यंजनांची धार तिथली, आणि पेटीचा कर्कशपणाही तिथलाच. बहुतेक जण इथे आवाज वाढवतात. मग पेटी दबली वाटते म्हणून पेटी वाढवतात, मग पुन्हा आवाज. त्यापेक्षा पेटीतूनच ३ किलोहर्ट्झच्या आसपास, रुंद कट घेऊन, दोन-तीन डेसिबल काढा. पेटी एकटी ऐकली तर थोडी मऊ वाटेल. वाटू दे! सोलो बटण दाबून घेतलेले निर्णय पूर्ण गाण्यात हमखास फसतात. मूळ स्वरच एकमेकांवर बसले असतील तर मात्र ईक्यूचं काही चालत नाही. तिथे पेटी हळू करा किंवा थोडी डावीकडे सरकवा.

आणखी एक अस्सल मराठी दुखणं. ‘चहा’तला च आणि ‘चमचा’तला च वेगळे, हे आपण शाळेत शिकलोच. माइकलाही ते कळतं: ‘चमचा’तला च जास्त वर टोचतो, ‘स’च्या जवळपास, ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये. तो पट्टा ईक्यूने कायमचा कापलात तर अख्खं गाणं मंद होईल. डी-एसर वापरा. तो फक्त टोचेल तेव्हाच तेवढा भाग दाबतो.

बूस्ट करताना एक मात्र सांभाळा. कानाला मोठं ते गोड वाटतं, त्यामुळे काहीही वाढवलं की ‘व्वा’ होतं. व्हॉल्यूम सारखा ठेवून ईक्यू चालू-बंद करा, मगच ठरवा.

सगळं झालं की मिक्स फोनच्या स्पीकरवर लावा, हळू आवाजात, स्वयंपाकघरात कुकर चालू असताना. अंतऱ्यातला एखादा शब्द गिळला गेला तर तेवढ्या शब्दापुरता फेडर वर करा. ईक्यूला पुन्हा हात लावू नका.