लोअर रिसीव्हर (एआर-१५)

लोअर रिसीव्हर हा एआर-१५ प्रकारच्या रायफलीच्या सांगाड्याचा खालचा भाग होय. चापाची यंत्रणा, मॅगझिन, मूठ आणि दस्ता त्याला जोडलेले असतात. अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार अनुक्रमांक याच भागावर असतो व कायद्याच्या दृष्टीने हाच भाग 'बंदूक' ठरतो.

कायद्यात एवढे महत्त्व असले, तरी नेमाच्या अचूकतेत त्याचा वाटा अल्पच आहे. नळी, बोल्ट आणि बहुधा दुर्बीणही वरच्या भागावर, म्हणजे अप्पर रिसीव्हरवर बसवलेली असते. त्यामुळे दोन भागांच्या जोडातील किंचित ढिलाईने नेम फारसा बिघडत नाही. म्हणून स्पर्धेसाठी निवड करताना झळाळीपेक्षा मोजमाप पाहणे इष्ट. चापाच्या खिळांची छिद्रे नेमकी नसतील, तर उत्तम चापही दर वेळी सारखा सुटत नाही. ७०७५ ॲल्युमिनियम ठोकून घडवलेला साधा भाग पुरेसा मजबूत असतो. अखंड ठोकळ्यातून कोरून काढलेला महाग भाग देखणा असतो, इतकेच.

बाकी निवड स्पर्धेच्या प्रकारावर ठरते. थ्री-गनमध्ये वेळ मोजला जात असल्याने मॅगझिनच्या खाचेचे पसरट तोंड उपयोगी पडते. सर्व्हिस रायफल प्रकारात मात्र चापाचा दाब किमान साडेचार पौंड, म्हणजे सुमारे २ किलो असावा लागतो. तेथे अतिहलका चाप नियमबाह्य ठरतो.