विश्लेषण : फुलांच्या मुदखेडमध्ये फुलपाखरांसाठी अंगण कसे राखायचे?

मुदखेडचे नाव निघाले की फुलशेती आठवते. गुलाब, काकडा, गलांडा, मोगरा या पिकांनी तालुक्याला नांदेड जिल्ह्यात वेगळी ओळख दिली. पण बाजाराच्या कामाचे फूल आणि पाखराच्या कामाचे फूल यांत फरक आहे. काकड्याची कळी उमलण्याआधीच खुडली जाते. दाट पाकळ्यांच्या संकरित गुलाबात कीटकांना मध-पराग फारसा मिळत नाही, आणि त्यावर फवारणी होते ती वेगळीच. त्यामुळे फुलांचे मळे शेजारी असूनही फुलपाखरे, मधमाश्या आणि लहान पक्षी यांची भिस्त राहते ती बांधावरच्या आणि घराच्या अंगणातल्या झाडांवर. तिथेही आता पेव्हर ब्लॉक आणि शोभेच्या कुंड्या आल्या आहेत.

फुले लावली, तरी फुलपाखरे का टिकत नाहीत?

फुलपाखरू मध बहुतेक कोणत्याही सोयीच्या फुलातून पिते. अंडी मात्र ते ठरावीक झाडांच्या पानांवरच घालते, कारण अळीला तीच पाने पचतात. म्हणून केवळ फुलांची बाग म्हणजे फुलपाखरांसाठी रस्त्यावरचे हॉटेल. चहा पिऊन पुढे जायचे. वस्ती करायची तर पाने हवीत.

याचे सर्वांत जवळचे उदाहरण परसातला कढीपत्ता. त्यावर, तसेच लिंबू आणि बेलावर ‘लाइम’ आणि ‘कॉमन मॉरमॉन’ या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. लहान असताना अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार होते. डिवचले तर डोक्यामागून शिंगासारखा फाटा बाहेर काढून उग्र वास सोडते. अनेक घरांत हे पाहून झाडावर औषध मारले जाते. खरे तर नुकसान होते ते काही पानांचे, आणि कढीपत्ता पुन्हा फुटतो. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून ज्याची निवड केली, त्या ‘ब्लू मॉरमॉन’च्या अळ्याही याच लिंबू कुळातील झाडांवर पोसल्या जातात.

दुसरे उदाहरण रुईचे. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात ती रुई एरवी उकिरड्यावरची म्हणून उपटली जाते. ‘प्लेन टायगर’ या केशरी फुलपाखराची अळी तिची पाने खाते. पानांतील विषारी द्रव्य तिच्या अंगात साठते, आणि मग पक्षी त्या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. रुईच्या फुलांवर मोठे काळे भुंगे येतात ते निराळे. रुईचा चीक मात्र डोळ्यांना घातक आहे. लहान मुले खेळतात तिथे ती नको, कुंपणाच्या कोपऱ्यात चालेल.

हाच विचार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला तो ठाण्याच्या राजेंद्र ओवळेकर यांनी. घोडबंदर रस्त्यालगत ओवळा येथे घरच्या जमिनीवर त्यांनी मधाची झाडे आणि अळ्यांच्या खाद्याची झाडे शेजारी-शेजारी लावली. फुलपाखरे कुठूनही पकडून आणली नाहीत. आज ‘ओवळेकर वाडी’त शंभराहून अधिक जातींची नोंद आहे. ठाण्याला जंगल शेजारी आहे, मुदखेडला नाही. तेवढी संख्या इथे अपेक्षू नये. झाडांचा हिशेब मात्र तोच आहे.

अळ्या वाढवून पक्ष्यांना काय मिळते?

चिमणी दाणे खाते, पण पिल्लांना सुरुवातीचे दिवस कीटक आणि अळ्या भरवते. बुलबुल, शिंपी, दयाळ यांचेही तसेच. अमेरिकेत वॉशिंग्टन परिसरातील घरांच्या बागांत ‘चिकडी’ या चिमणीएवढ्या पक्ष्याचा अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बागेतील झाडोऱ्यात स्थानिक झाडांचा वाटा ७० टक्क्यांहून कमी असेल, तिथे या पक्ष्याची संख्या टिकण्याइतकी पिल्ले वाढत नाहीत, असे त्यात आढळले. हा आकडा जसाच्या तसा मराठवाड्याला लावता येणार नाही. पण फक्त दाण्याचे भांडे टांगून चिमणी वाचत नाही, एवढे त्यातून कळते.

लहान अंगणात काय लावावे?

एक लिंबू किंवा कढीपत्ता, शक्य असल्यास दोन. एक स्वयंपाकघराचा, एक अळ्यांचा. तुळशीच्या मंजिऱ्या सगळ्याच खुडू नयेत, त्यांवर दिवसभर मधमाश्या असतात. शेवग्याच्या फुलांवर शिंजीर येतो. कुंपणाला मेंदी, अडुळसा, निर्गुंडी. फाटकाबाहेर जागा असेल तर बहावा. त्याच्या कोवळ्या पानांवर ‘इमिग्रंट’ फुलपाखरांच्या अळ्या होतात. पावसाळ्यात आपोआप उगवणारा तरोटा कोपऱ्यात राहू दिला, तरी पिवळ्या फुलपाखरांची सोय होते.

देशी-परदेशीचे सोवळेही फार पाळू नये. पानफुटी मूळची मादागास्करची, तरीही आपल्याकडचे ‘रेड पिएरो’ तिच्या पानांच्या आत अळ्या वाढवते. गलांडा आणि झेंडूही अमेरिका खंडातून आलेले. मध देतात, म्हणून राहू द्यावेत. पण घाणेरीवर फुलपाखरे दिसतात म्हणून ती मुद्दाम लावणे चूक, ती रान गिळते. रोपवाटिकांत झटपट वाढणारा म्हणून विकला जाणारा कोनोकार्पस तर टाळावाच. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे.

सगळ्या अंगणाला फरशी घालू नये. अनेक एकांड्या मधमाश्या जमिनीत बिळे करून राहतात. हातभर उघडी माती पुरते.

गुलाबाच्या पानांना गोल छिद्रे पडली तर?

पानाच्या कडेला कात्रीने कापल्यासारखे अर्धवर्तुळ दिसले, तर तो रोग नव्हे. पानकापी मधमाशी घरट्याच्या अस्तरासाठी तुकडा नेते. झाडाला इजा होत नाही, फवारणीची गरज नाही. निंबोळी अर्क सेंद्रिय असला, तरी फुलपाखराच्या अळीलाही मारतो, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. मावा पडला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून पाहावा.

डास आणि साप वाढणार नाहीत का?

मे महिन्यात नांदेडचा पारा चाळिशीच्या वर असतो. तेव्हा सावलीतले मातीचे पसरट भांडे हा पाखरांचा मोठा आधार. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. रोज किंवा दिवसाआड भांडे घासून पाणी बदलले, तर डासाची पिढी पुरी होत नाही. मधोमध एक-दोन दगड ठेवावेत, म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत.

सापाची भीती घरातल्या मोठ्या माणसांना असते आणि ती अनाठायी नाही. पण साप येतो तो उंदीर-बेडकांमागे. सांडलेले धान्य, भिंतीला टेकलेल्या विटा आणि लाकडांचे ढीग हे त्याला झाडांपेक्षा अधिक सोयीचे. दाट झुडपे दारापासून आणि जाण्या-येण्याच्या वाटेपासून दूर ठेवावीत. साप निघालाच, तर सर्पमित्र किंवा वन विभागाला कळवावे; वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार त्याला मारणे गुन्हा ठरू शकतो.

सुरुवात कधी करावी?

पहिले एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर. काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून खड्ड्यात थोडी वाळू किंवा मुरूम मिसळावा, रोप जरा उंचवट्यावर लावावे. रुई आणि तरोटा रोपवाटिकेत बहुधा मिळणार नाहीत. रुईचे बोंड उन्हाळ्यात फुटते आणि कापूस उडू लागतो. त्याआधी एखादे बोंड आणून बी ठेवले की पुरते.