मोकळा रविवार

तीस वर्षं माझे रविवार पंथाचे होते. पहाटे पठण, दुपारी सेवा, संध्याकाळी प्रवचन, नाटक-कादंबरी वर्ज्य. बावन्नाव्या वर्षी बाहेर पडलो. बँकेत दिवसअखेर रोकड जुळली नाही की घाम फुटायचा, तसा पहिल्या मोकळ्या रविवारी फुटला.

मग सलीम अलींचं, १९४१ साली प्रथम निघालेलं, भारतीय पक्ष्यांचं पुस्तक घेतलं आणि पनवेलजवळचं कर्नाळा गाठलं. तांबटाची टुकटुक ऐकत तासभर बसलो. पुण्य नाही, पाप नाही, नुसता तास. माझी पहिली कादंबरीही अशाच तासांतून आली.

सौ. अजून पंथातच आहे. पहिलं वर्षभर अबोला होता. एका रविवारी प्रवचनाहून परतल्यावर तिनं विचारलं, ‘आज कुठला पक्षी दिसला?’

त्या रात्री आम्ही उशिरापर्यंत बोलत बसलो.