गाडीनेच वळवलेली गोळी

३० मार्च १९८१, वॉशिंग्टन. हिल्टन हॉटेलातलं भाषण संपवून अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन बाहेर पडले. दारापासून गाडीपर्यंत अंतर जेमतेम ३० फूट. एवढंसंच चालायचं, म्हणून त्यांनी बुलेटप्रूफ जाकीटही घातलं नव्हतं. समोर चिलखती लिंकन कॉन्टिनेन्टल मागचं दार उघडून उभी होती. तेवढ्यात जॉन हिंक्ली या तरुणाने दोन सेकंदांच्या आत सहा गोळ्या झाडल्या.

त्यातल्या शेवटच्या दोन गोळ्यांकडे नीट बघा. पाचवी उघड्या दाराच्या काचेवर आदळली. आरपार गेली नाही. सहावी गाडीच्या चिलखती बाजूवर आपटून उसळली, दार आणि गाडी यांच्यामधल्या फटीतून गेली आणि रेगन यांच्या डाव्या काखेखाली शिरली. पहिल्या पाचांतली एकही त्यांना लागली नव्हती. म्हणजे अध्यक्षांना लागलेली एकुलती एक गोळी त्यांच्याच गाडीने वळवलेली होती!

असं कसं झालं? काच वाचवते आणि पोलाद दगा देतं, असं तर नाही ना?

आधी ऊर्जेचा हिशेब करू. १० ग्रॅमची रायफलची गोळी सेकंदाला ८०० मीटर वेगाने येत असेल, तर तिच्यात ३२०० जूल ऊर्जा असते. ५० किलोचं धान्याचं पोतं साडेसहा मीटर उंचीवरून टाकल्यासारखं! (हिंक्लीची गोळी पिस्तुलाची, याहून बरीच हलकी आणि हळू होती.) ही ऊर्जा नाहीशी होत नाही. ती कुठेतरी खर्च करावी लागते, नाहीतर ती गोळीसोबत पुढे जाते.

बुलेटप्रूफ काच ती खर्च करते. ही काच म्हणजे काच आणि प्लास्टिक यांचे एकावर एक चिकटवलेले थर. बाहेरची काच कडक असते. ती स्वतः फुटते, पण फुटताना गोळीला चेपते, तिचं टोक बोथट करते. आतल्या बाजूला बहुधा पॉलिकार्बोनेट असतं, आपल्या जुन्या सीड्या ज्याच्या असायच्या तेच. ते फुटत नाही, ताणलं जातं. क्रिकेटचा कॅच घेताना आपण हात मागे नेतो ना, तसंच. शिवाय काचेचे तुकडे आतल्या माणसाच्या तोंडावर उडत नाहीत.

पोलादाचं काम वेगळं. गोळी सरळ आदळली तर तीच चपटी होते. पण तिरकी आदळली तर? कॅरमचा स्ट्रायकर कडेला तिरका मारून बघा. कडेच्या दिशेने जाणारा वेग उलटतो, कडेला समांतर असलेला वेग जवळपास तसाच राहतो. गोळी पृष्ठभागाशी १५ अंशांचा कोन करून आली, तर आदर्श हिशेबात तिची फक्त ७ टक्के ऊर्जा पोलादावर थेट आदळते. उरलेली ९३ टक्के घेऊन ती घसरत पुढे निघते.

गाडीच्या आत बसलेल्या माणसाला याने काही फरक पडत नाही. गोळी आत आली नाही, चिलखताने काम चोख केलं. पण रेगन तेव्हा अजून पुरते आत नव्हते. अंगरक्षक जेरी पार त्यांना आत ढकलत होते. गोळी लागल्याचं त्या दोघांनाही आधी कळलं नाही. तोंडातून रक्त आलेलं पाहून पार यांनी व्हाइट हाउसकडे निघालेली गाडी रुग्णालयाकडे वळवली. गोळी हृदयापासून इंचभर अंतरावर सापडली. रेगन वाचले.

मग चिलखत आणखी जाड करावं का? ५ सेंटिमीटर जाडीची, अर्धा चौरस मीटर काच घेतली तरी वजन साठ किलोंच्या वर जातं. म्हणूनच अशा गाड्यांची दारं इतकी जड असतात. आणि कितीही जाड केलं, तरी त्या ३० फुटांत त्याचा काय उपयोग? त्याच हल्ल्यात जखमी झालेले तिघंही गाडीबाहेरच होते.

हिल्टन हॉटेलने नंतर उपाय केला तो नेमका इथे. त्या दाराशी बंदिस्त गॅरेज बांधलं, म्हणजे गाडी थेट आत येते आणि अध्यक्षांना उघड्यावर चालावंच लागत नाही.