राखी वटवट्या आणि शिंपी

तंजावर हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातशेतीचा मुलूख होय. तेथील बांधांवर, कालव्यांकाठच्या झुडपांत व परसातील कुंपणांत चिमणीहून लहान असे दोन कीटकभक्षक पक्षी नित्य आढळतात. एक राखी वटवट्या व दुसरा शिंपी. दोघेही पाने शिवून घरटे करू शकतात. त्यामुळे शिवलेले पान दिसताच ते शिंप्याचे घरटे, असे सर्रास समजले जाते. परंतु केवळ त्यावरून निर्णय करणे योग्य नव्हे.

प्रथम पक्ष्याचा रंग पाहावा. शिंप्याचा माथा तांबूस, पाठ हिरवट व पोट पांढुरके असते. वटवट्याची पाठ राखेच्या रंगाची, पंख तांबूस-तपकिरी व पोट पिवळसर-तांबूस असते. त्याच्या लांब शेपटीची पिसे पायऱ्यांप्रमाणे लहानमोठी असून त्यांच्या टोकांजवळ काळे ठिपके असतात. उत्तर भारतातील वटवट्या हिवाळ्यात तपकिरी होतो. दक्षिणेतील मात्र बारमाही राखी राहतो. म्हणून तंजावरात ही खूण भरवशाची ठरते.

आवाजही भिन्न आहेत. शिंपी 'टुविट्-टुविट्' असा खणखणीत साद घालतो. वटवट्याचा 'टी-टी-टी' हा स्वर काहीसा नाकातून निघाल्यासारखा असतो आणि दचकून उडताना त्याच्याकडून ठिणग्या उडाल्यासारखा चटचट ध्वनी ऐकू येतो.

या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी 1832 मध्ये दख्खनमधील नमुन्यांवरून केले. तमिळ भाषेत वटवट्यांना 'कदिर्क्कुरुवी' म्हणतात. 'कदिर' म्हणजे कणीस. पिकांत वावरणाऱ्या पक्ष्याला हे नाव शोभते. लहान किडे, अळ्या व कोळी हे त्याचे मुख्य अन्न होय.

वटवट्या कधी पाने शिवतो, तर कधी गवताची लांबट पिशवी विणतो. घरटे जमिनीपासून फारसे उंच नसते. त्यातील तीन ते पाच अंडी चकचकीत विटकरी असतात व सुमारे बारा दिवसांत उबतात. शिंप्याची अंडी फिकट व ठिपकेदार असतात. तथापि अंडी पाहण्यासाठी पाने उकलू नयेत. टाके तुटल्यास घरटे उघडे पडते व पिलांवर संकट ओढवते. त्याचप्रमाणे विणीच्या काळात बांधावरील झुडपे सरसकट छाटली गेल्यास अनेक घरटी नष्ट होतात. दूर उभे राहून रंग, शेपटी व आवाज या तीन खुणा नोंदवाव्यात. अचूक ओळखीसाठी तेवढ्या पुरेशा आहेत.